स्प्लिट स्क्रीन मागवायच्या आधी आखाड्यातली माती बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की सेकंडहँड कॅनन ६डी घेतलीयस, ॲडॅप्टर लावून त्यावर निकॉनची जुनी ५० एमएम १.४ (हा आकडा म्हणजे ॲपर्चर, जितका लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं) आणि हेलिओस ४४-२ वापरतोस, सकाळी तालमीत पैलवानांचे फोटो काढतोस, संध्याकाळी मित्रांच्या नाटकाच्या तालमीला जातोस, आणि दहातले तीन फोटो कसेबसे शार्प येतात. म्हणून आता वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्यात असायची तसली, मधे चिरलेला गोल असलेली स्प्लिट स्क्रीन ऑनलाइन मागवू का म्हणून विचारतोयस. स्क्रीन म्हणजे मागचा डिस्प्ले नव्हे, व्ह्यूफाइंडरमध्ये ज्या पातळ पडद्यावर चित्र पडून डोळ्याला दिसतं ती.

भावा, मागवू नकोस. निदान आज तरी नको.

आधी ते बिघडलेले सात फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघ. तुला एक फायदा आहे जो लग्नात फोटो काढणाऱ्याला नसतो, तो म्हणजे आखाड्यातली तांबडी माती. पुढून मागेपर्यंत सगळीकडं सारखी पसरलेली असते, म्हणजे फोकस तपासायला फुकटची पट्टीच. पैलवानाचा चेहरा मऊ आलाय पण त्याच्या पायामागची माती दाणादाण दिसतीय, तर फोकस मागं गेलाय. पुढची माती टोकदार असेल तर फोकस पुढं पडलाय. आणि कुठंच काही टोकदार नसेल, सगळंच पुसल्यासारखं असेल, तर राजा तो फोकसचा दोषच नाही, तुझा शटर स्पीड कमी पडतोय. ढाक डाव मारताना १/१२५ ला काय होणार? १/५०० तरी ठेव आणि आयएसओ वाढव, ६डी ला ३२०० काही जड जात नाही. माझा अनुभव असा की फोकस गेला म्हणून जे रडतात त्यातल्या बऱ्याच जणांचा कॅमेरा किंवा माणूस हललेला असतो.

समज खरंच फोकस चुकतोय. मग दुसरी गोष्ट, व्ह्यूफाइंडरशेजारचं ते छोटं चाक, डायॉप्टर. कॅमेरा आभाळाकडं धर, आणि स्क्रीनवर जे ऑटोफोकस पॉईंटचे बारके चौकोन दिसतात ते कडक दिसेपर्यंत चाक फिरव. समोरच्या वस्तूकडं बघून फिरवायचं नाही, स्क्रीनवरच्या खुणांकडं बघून. तुझा डोळा स्क्रीनवरच नीट बसला नसेल तर स्क्रीन सोन्याची आणलीस तरी उपयोग नाही. मला चाळिशी लागली त्या वर्षी मी सहा महिने लेन्सला शिव्या देत होतो, चाक दोन टिचक्या फिरवलं आणि लेन्स सुधारली!

आता मुद्द्याचं. ६डी मधली जी मूळ स्क्रीन आहे ती तुझ्याशी खोटं बोलतीय, आणि हे तुला स्वतःला दोन मिनिटात तपासता येतं. ५० एमएम लाव, खिडकीकडं बघ, ॲपर्चर रिंग १.४ वर ठेव. आता डोळा न हलवता रिंग २ वर आण. व्ह्यूफाइंडर अंधारला? जवळजवळ नाही. २.८ वर आण, तरी फारसा फरक नाही. ४ वर नेल्यावर मात्र स्पष्ट अंधारतो. अरे, १.४ वरून २.८ वर येताना उजेड चौपट कमी होतो, मग तो दिसत का नाही? कारण तो तुला आधीपासून दिसतच नव्हता.

ऑटोफोकसचे दिवस आल्यावर बहुतेक लोक ३.५-५.६ च्या झूम वापरायला लागले, आणि तसल्या लेन्सवर जुनी घासलेली मॅट काच फार अंधारी वाटते. म्हणून कंपन्यांनी स्क्रीनवर बारीक बारीक भिंगांसारखा पोत दिला, जो प्रकाश फार न पसरवता सरळ डोळ्याकडं पाठवतो. स्क्रीन उजळ झाली, गिऱ्हाईक खूश. पण १.४ च्या लेन्समधून कडेकडेनं जे तिरपे किरण येतात ते डोळ्यापर्यंत पोचतच नाहीत, तुला मधल्या किरणांचंच चित्र दिसतं, जणू लेन्स २.८ च्या आसपास बंद केलीय. म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी डेप्थ (पुढून मागं जेवढा पट्टा शार्प दिसतो ती) २.८ ची आणि सेन्सरवर पडणारी १.४ ची. तू फोकस रिंग फिरवत येतोस, चेहरा कडक दिसायला लागतो, तू थांबतोस, आणि तिथं खरा फोकस अजून आलेलाच नसतो किंवा येऊन गेलेला असतो. तुझा डोळा चुकत नाही आणि हातही चुकत नाही, त्याला दाखवलंच जातंय चुकीचं.

स्प्लिट स्क्रीनची ओढ मला कळते, मी स्वतः महाद्वार रोडच्या एका स्टुडिओत निकॉन एफएम२ वर शिकलोय आणि त्यात के२ स्क्रीन होती, मधे स्प्लिट, त्याच्याभोवती मायक्रोप्रिझमची कडी, बाहेर मॅट. स्प्लिटमध्ये काय असतं, तर दोन छोटे काचेचे पाचरीसारखे तुकडे उलटसुलट तिरपे बसवलेले असतात. फोकस नसेल तर वरचा अर्धा एकीकडं सरकतो, खालचा दुसरीकडं, फोकस आला की रेघ जुळते. माणसाच्या डोळ्याला तुटलेली रेघ पकडायला फार चांगलं जमतं, धूसर आणि कमी धूसर यातला फरक ओळखण्यापेक्षा किती तरी चांगलं, व्हर्नियर कॅलिपर वाचतो तोच गुण. त्यामुळं शालिनी पॅलेसच्या मनोऱ्याची कड असली की स्प्लिटला तोड नाही, एका सेकंदात काम.

पण पैलवानाच्या अंगावर रेघ कुठंय? लंगोटाची कड सापडेपर्यंत डाव होऊन जातो. साध्या स्प्लिटला उभी रेघ लागते, कॅमेरा उभा धरलास की आडवी लागते, म्हणून काही स्क्रीनमध्ये स्प्लिट ४५ अंशात तिरका देतात. तो त्यातल्या त्यात बरा. दुसरं म्हणजे स्प्लिट बरोबर मधोमध असतो, फोकस मधे करायचा आणि मग फ्रेम सरकवायची. ८५ किंवा १३५ वर लांबून चालून जातं, पण ५० एमएमवर, १.४ ला, दीड मीटरवरून डोळ्यावर फोकस करून कॅमेरा १५ अंश वळवलास तर फोकसची पातळी डोळ्याच्या साधारण ५ सेंटीमीटर मागं जाते. आणि तिथं तुझी सगळी मिळून डेप्थ साडेसात सेंटीमीटर, म्हणजे मागं-पुढं पावणेचारच. कान शार्प, डोळा गेला. स्प्लिटनं रेघ अगदी बरोबर जुळवून दिली होती, फोटो तू वळवताना घालवलास.

तिसरा त्रास, साधारण ५.६ च्या पुढं स्प्लिटचा एक अर्धा काळा पडतो. तुझा ॲडॅप्टर साधा आहे, त्यावर लेन्स रिंग असेल तेवढीच बंद राहते, म्हणजे ५.६ किंवा ८ वर काम करताना मधोमध अर्धा काळा गोल घेऊन फ्रेम बांधायची. डोळा जरा वरखाली सरकवला की तो काळेपणा एका अर्ध्यातून दुसऱ्यात जातो, हे लोकांना गंमत वाटते, मला डोकेदुखी. आणि स्पॉट मीटरिंग, म्हणजे मधल्या ठिपक्यापुरताच उजेड मोजणाऱ्यांनी तर नादच सोडावा, कॅनन स्क्रीनवर पडलेलं चित्रच वरून मोजतो, मधे प्रिझम आला की मीटर काहीही सांगतो.

मायक्रोप्रिझमला रेघ लागत नाही, फोकस नसला की चित्र चकचकत फुटतं आणि आला की गप्प बसतं. पेंटॅक्स के१००० वर कुणी शिकलं असेल त्याला सवय असते, साध्या के१००० मध्ये तेवढंच असायचं. मधोमध आणि अंधारणं हे दोष मात्र त्यालाही आहेत. आणि रेघांची जाळी असलेली ग्रिड स्क्रीन फोकसला काहीच मदत करत नाही, ती रंकाळ्याचं पाणी सपाट ठेवायला.

मग तुला काय पाहिजे? साधी मॅट, पण खरी मॅट. कॅननची ६डी साठी ईजी-एस म्हणून स्क्रीन येते, तीच ५डी मार्क टू ला पण बसते, जुन्या पहिल्या ५डी ची ईई-एस वेगळी, ती घेऊ नकोस. या एस स्क्रीनचा पोत प्रकाश जास्त पसरवतो, त्यामुळं १.४ चे कडेचे किरण सुद्धा डोळ्यापर्यंत येतात. पहिल्यांदा लावून बघितल्यावर असं वाटतं की लेन्स बदलली, मागची माणसं विरघळून जातात आणि चेहरा त्यातून वर येतो. फोकस आला हे शोधावं लागत नाही, दिसतं. आणि फ्रेमच्या कुठल्याही कोपऱ्यात दिसतं, हे महत्त्वाचं, कारण नाटकाच्या तालमीत तुला दोन माणसं दोन टोकांना हवी असतात, मधे रिकामी खुर्ची.

याचं मोल पण आहे. २.८ पेक्षा हळू लेन्स लावलीस की व्ह्यूफाइंडर अंधारा, ४ वाली झूम संध्याकाळी लावून बघ, वैतागशील. ५.६ ला तालमीच्या आतल्या उजेडात तर विहिरीत बघितल्यासारखं. तुझ्याकडं दोन्ही लेन्स १.४ आणि २ च्या आहेत म्हणून मी एस सांगतोय. उद्या तू २४-१०५ झूम घेतलीस आणि दिवसभर तीच लावून फिरायला लागलास तर मीच म्हणेन मूळची परत टाक. म्हणजे स्क्रीन बॉडी बघून किंवा कोण काय म्हणतंय ते ऐकून घ्यायची नसते, वर्षभर कॅमेऱ्यावर कुठली लेन्स बसलेली असते ते बघून घ्यायची. आणि स्क्रीन बदलली की कस्टम फंक्शनमध्ये जाऊन कॅमेऱ्याला सांगायचं की आता एस आहे, नाहीतर मीटर तिच्या अंधाराला खरा अंधार समजून फोटो पांढरे करत बसतो. हे लोक हमखास विसरतात.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं फार कुणी सांगत नाही, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेलाय.

लेन्सपासून आरशावरून सेन्सरपर्यंतचं आणि लेन्सपासून आरशावरून स्क्रीनपर्यंतचं अंतर एकसारखं पाहिजे. एकसारखं म्हणजे किती? १.४ च्या लेन्सला सेन्सरपाशी चालणारी चूक ही जेमतेम ०.०४ मिलिमीटर मागं किंवा पुढं. केसापेक्षा कमी. स्क्रीन ०.१ मिलिमीटर वरखाली बसली तर ५० एमएमवर दोन मीटरवरच्या माणसाचा फोकस सुमारे १५ सेंटीमीटर सरकतो, आणि तिथं एकूण डेप्थच १३ च्या आसपास. म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये अगदी देखणा फोकस, फोटोत नाक-डोळे दोन्ही गेलेले.

मी एकदा ऑनलाइन एक स्वस्तातली स्प्लिट स्क्रीन घेतली होती, कुणीतरी दुसऱ्या कॅमेऱ्याची काच कापून बनवलेली. व्ह्यूफाइंडरमधून काय दिसायची म्हणून सांगू, नाद खुळा! त्याच खुशीत चुलतबहिणीची हळद काढली, सगळी १.८ वर. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत बहिणीच्या मागं बसलेल्या आत्याबाई टोकदार. एकसारख्या. मावशीनं विचारलं, तुला आत्याचं लग्न लावायचंय काय. तेव्हा कळलं की प्रत्येक फोटोत चूक एकाच बाजूला आणि एकाच मापाची असेल तर दोष हाताचा नसतो, स्क्रीनच्या उंचीचा असतो. कधी पुढं कधी मागं असेल तर हात, डोळा किंवा डायॉप्टर.

तपासायचं कसं ते सांगतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, दीड मीटरवर टेबलावर स्टीलची पट्टी तिरपी ठेव आणि पट्टीच्या मधल्या आकड्याशेजारी कॅमेऱ्याकडं तोंड करून एक काड्यापेटी उभी कर. लेन्स पूर्ण उघडी. लाइव्ह व्ह्यू (मागच्या डिस्प्लेवर सेन्सरचं थेट चित्र) लावून १० पट मोठं करून पेटीवरच्या अक्षरांवर फोकस कर, फोटो काढ, हा खरा, कारण हा थेट सेन्सरवरून आलाय. आता काही हलवू नकोस, लाइव्ह व्ह्यू बंद करून व्ह्यूफाइंडरमधून बघ. अक्षरं तशीच कडक दिसतात का? मग रिंग बिघडवून व्ह्यूफाइंडरमधूनच फोकस कर, फोटो काढ, असं दहा वेळा, पाच वेळा रिंग जवळून लांब नेत आणि पाच वेळा लांबून जवळ आणत. दहाही फोटोत पट्टीवरचा मागचाच आकडा शार्प येत असेल तर स्क्रीन आरशापासून लांब बसलीय, पुढचा येत असेल तर जवळ.

६डी सारख्या कॅननमध्ये स्क्रीन खालून वर दाबून बसते आणि तिच्यावर चौकटीसारखी पातळ शिम, म्हणजे उंची जुळवायची पट्टी असते. म्हणजे फोकस मागं पडत असेल तर शिम वाढवायची, स्क्रीन खाली येते. पुढं पडत असेल तर शिम कमी. माझ्या वेळी मी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडं गेलो, त्यांच्याकडं पॉईंट झिरो पाच मिलिमीटरचा पितळी शिमपत्रा होता, त्यांनी चौकट कापून दिली आणि कापलेल्या कडेची खरखर काढायला बारीक दगडावर घासून दिली, चहा मलाच पाजला. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा घरचा घरी उभा केला त्या गावात शिम मिळणार नाही असं होईल का. एकावर एक पट्ट्या घालत आणि दर वेळी काड्यापेटी काढत दोन संध्याकाळी गेल्या, पण नंतर ती स्क्रीन चार वर्षं वापरली. कंपनीची ईजी-एस असेल तर बहुतेक वेळा शिमला हात लावावा लागत नाही, तरी टेस्ट चुकवू नकोस, सेकंडहँड बॉडी आहे, आधी कुणी काय खाडाखोड केलीय तुला माहीत नाही.

बसवताना लेन्स काढायची, आरशाच्या वर पुढच्या बाजूला बारकी खीळ असते ती स्क्रीनसोबत आलेल्या चिमट्यानं ओढायची, चौकट खाली पडते, स्क्रीनच्या कडेला कान आहे तोच धरायचा. मॅट बाजू खाली, आरशाकडं. उलटी बसली तर दिसतं सगळं छान, पण फोकस कायमचा गेला. आरशाला बोट लावायचं नाही. पंखा बंद.

आणि स्क्रीन पुसायची नाही! प्लास्टिक असतं ते. जोतिबाच्या यात्रेत गुलाल आत गेला म्हणून मी एकदा स्पिरिट लावून कापसानं पुसली, गुलाल गेला पण पोत पण गेला, मधे कायमचं धुकं पडलं. फक्त ब्लोअर, तोंडानं फुंकर पण नको. स्क्रीनवरची धूळ फोटोत येत नाही, ती फक्त तुला छळते, तिला राहू दे. आखाड्याच्या मातीत तर तेल, ताक, हळद सगळं असतं, लेन्स बदलायची असेल तर बाहेर कट्ट्यावर येऊन बदल.

आणखी एक, हेलिओस लावून अनंतावर फोकस नेताना आरसा मागच्या भागाला घासत नाही ना ते एकदा बघून घे, फुल फ्रेम कॅननवर काही जुन्या लेन्स घासतात. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वरच असतो, तिथं कळणार नाही. व्ह्यूफाइंडरमधून एक फोटो मार आणि आवाज ऐक.

तुझा मित्र कॅनन १५००डी वर हेच करायचं म्हणतोय, त्याला सांग पैसे वाचव. त्या बॉडीचा व्ह्यूफाइंडर आधीच बारका, वर कंपनीनं स्क्रीन बदलायची सोय दिलेली नाही. त्यानं लाइव्ह व्ह्यू वापरावा, नाहीतर सरळ मिररलेस घ्यावा, तिथं हा सगळा प्रश्नच नाही, सेन्सरवर आहे तेच दिसतं आणि पीकिंग, म्हणजे फोकस आलेल्या कडा रंगवून दाखवायची सोय पण मिळते. मला विचारशील तर पीकिंग १.४ वर फार ढिलं असतं, मोठं करूनच बघावं, पण तो वेगळा विषय.

तालमीत सध्या एवढं कर, स्क्रीन येईपर्यंत. ॲपर्चर रिंग २.८ वर ठेव, तिथं तुझी आत्ताची स्क्रीन जवळपास खरं बोलते. पैलवान जिथं खडाखडी करतात ती जागा हेरून मातीवर फोकस करून ठेव, मग फोकस रिंगला हात न लावता स्वतः अर्धी वीत पुढंमागं झुकत राहा आणि चेहरा कडक झाला की दाब. त्या चपळाईत रिंग फिरवून कुणाला जमत नाही, मला पण नाही.

माझ्या जुन्या ५डी मार्क टू मधली ईजी-एस कपाटात पडून आहे, ती तुझ्या ६डी ला चालते. रविवारी सकाळी तालीम सुटली की बॉडी आणि ५० एमएम घेऊन ये, लावून देतो, महिनाभर वापर आणि मग ठरव विकत घ्यायची का. येताना ते दहा काड्यापेटीचे फोटो काढून आण, आत्ताच्या स्क्रीनचे. आणि स्टीलची पट्टी पण आण, माझी पोरीनं शाळेत नेलीय.